चिपळ्या

(हाताचा क्लोजअप, मागं पेटी जुळवायचा आवाज)

हा हात बघा. कॅमेरा हलत नाहीये, हातच थरथरतोय.

राहुरीच्या पुढचं गाव, मे महिना, चर्चच्या तरुण संघाचं शिबिर. पत्र्याच्या शेडमध्ये साठेक पोरं बसलीत आणि ताई पाच मिनिटांत कीर्तनाला उभी राहणार. गेल्या वर्षी पण हिचंच नाव होतं, ऐन सकाळी ताप आलाय म्हणून फोन केला आणि आलीच नाही. ताप-बिप काही नव्हता, येताना गाडीत तिनंच सांगितलं.

भीती पोरांची. मोठ्यांच्या उपासनेत ती वचन वाचते, प्रार्थना करते, तिथं काही वाटत नाही. पण सोळा-सतराची पोरं तोंडावर हसतात, आता तर रील पण काढतात, आणि नऊवारी नेसून चिपळ्या वाजवणारी बाई म्हणजे त्यांना आयतंच गिऱ्हाईक.

(चिपळ्या, जवळून)

ह्या आजोबांच्या. ते पाळक होते, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. अंगठ्याच्या जागी लाकूड झिजून गुळगुळीत झालंय, एक चकती नंतर बसवलेली आहे, रंगावरून कळतं.

(जुने फोटो, चर्चची दगडी भिंत)

नगरला, म्हणजे आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय, तर तिथं अमेरिकन मराठी मिशन 1831 ला आलं. पण इथल्या माणसाला ख्रिस्त समजला तो अभंगातून आणि कीर्तनातून, असं मला तरी वाटतं. कवी नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, बायको लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू काही वर्षं दुरावले, भीती त्या माणसाला काय कमी असेल? तरी गाणी लिहीत राहिले, ती आपण आजही रविवारी म्हणतो. आता शिबिरात गिटार आणि लाइटं असतात, असू देत, पण चिपळ्या आजोबांच्या पिढीबरोबर गेल्या त्या गेल्याच.

(शेड, ताई उभी राहते)

नमन झालं. पहिल्या अभंगाला आवाज चिरकला, मागच्या रांगेत खसखस. तो मोबाईल वर आला, दिसला?

आख्यान बायबलमधल्या योना संदेष्ट्याचं. देव म्हणतो निनवेला जा, हा याफो बंदराला जाऊन उलट दिशेच्या तार्शीशचं जहाज पकडतो. ताई थांबते आणि म्हणते, "भाडं कुणी भरलं? ह्यानंच! पळून जायला स्वतःच्या खिशातनं पैसे!" पोरं हसली. मग आवाज खाली आणून म्हणते, "मी पण गेल्या वर्षी पळाले, तापाचं तिकीट काढून."

(इथं निवेदन नाही. मागच्या रांगेवर कॅमेरा, मोबाईल खाली जातो.)

रात्री पोरं तिच्याशी बराच वेळ बोलत बसली, त्याचं शूटिंग केलं नाही, करायचं पण नव्हतं. नंतर त्यातली चार-पाच जणं दर रविवारी कीर्तन शिकायला यायला लागली.

(दुसऱ्या दिवशी सकाळ, चहाच्या पातेल्याजवळ)

हा तोच मोबाईलवाला. चिपळ्या उलट्या धरल्यात. ताईच्या एका हातात कप आहे, दुसऱ्या हातानं ती त्याचा अंगठा कडीत बसवतेय.