खंडेनवमीचं रिव्हॉल्व्हर: पहिल्या शस्त्राची निगा

(दृश्य: देवघरासमोरचा पाट. झेंडू, निरांजन, अवजारं.)

खंडेनवमीची सकाळ. पाटावर कोयता, खुरपं, पान्हे, ट्रॅक्टरची किल्ली. आणि त्यांच्या मधोमध, झेंडूच्या दोन फुलांखाली, .32 बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या आतलं माप) रिव्हॉल्व्हर. सोलापूरहून मंगळवेढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या या घरातलं हे पहिलंच परवान्याचं शस्त्र. काडतुसं काढून आतल्या खोलीत कुलपात ठेवली आहेत. पूजा मनापासून झाली आहे. आता जरा जवळून बघा. घोड्याच्या फटीत ओलं कुंकू शिरलंय, नळीच्या तोंडाशी हळदीचं बोट लागलंय आणि सिलिंडरच्या खाचेत अक्षतेचा एक दाणा अडकून बसलाय.

कालवलेलं हळद-कुंकू ओल धरून ठेवतं. ते पोलादावर वाळतं आणि त्याच्याखाली तांबेरा धरायला फार दिवस लागत नाहीत. पूजेला कुणाची हरकत नाही. हळद लावायचीच तर मुठीखालच्या कापडाला लावावी. पण शस्त्राची खरी सेवा आदल्या दिवशी आणि पूजा उतरवल्यावर त्याच संध्याकाळी होते. ती ज्याच्या नावावर परवाना आहे त्याने, स्वतःच्या हाताने करायची असते.

स्वसंरक्षणासाठी घेतलेलं रिव्हॉल्व्हर सहसा वर्षानुवर्षं उडतच नाही. म्हणून मालकाला वाटतं, उडवलंच नाही तर साफ काय करायचं? नेमकं तिथंच शस्त्र बिघडतं. उडवलेलं शस्त्र माणूस आठवणीने पुसतो. कपाटात पडून राहिलेल्याला घाम, धूळ आणि जुनं तेल खातं.

(दृश्य: टेबल, ट्यूबलाइट, काळी-तांबडी सोलापुरी चादर. लष्करातून निवृत्त झालेले आर्मोरर, म्हणजे शस्त्रांची निगा-दुरुस्ती करणारे. गावात सगळे त्यांना मेजर म्हणतात.)

मूळ आवाज, मेजर: "मालक, आधी तोंड त्या भिंतीकडं करा. पलीकडं रान हाय, माणूस न्हाई. बोट चापाच्या भाईर."

मूळ आवाज, मालक: "रिकामंच हाय की, मेजर."

मूळ आवाज, मेजर: "सांगू नका. दावा."

हे रिव्हॉल्व्हर कानपूरच्या सरकारी आयुध कारखान्यातलं. घडण इंग्रजांच्या वेब्ली घराण्यातली, म्हणजे मधून मोडणारी. घोड्याजवळची कळ अंगठ्याने दाबली की नळी आणि सिलिंडर बिजागरीवर पुढे झुकतात, मागून चांदणीच्या आकाराचा एक्स्ट्रॅक्टर वर येतो आणि सहाही घरांतली काडतुसं एकदम उचलतो. 9 एमएमसारखे बोअर सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. म्हणून आपल्याकडच्या बहुतेक नागरी परवान्यांवर .32 चा आकडा दिसतो.

उघडताना एक दमात, पूर्ण उघडा. अर्धवट उघडून थांबलात तर पुंगळीची (काडतुसाच्या पितळी कवचाची) कड चांदणीखाली घसरते, चांदणी तिच्यावर बसते आणि मग शस्त्र मिटतच नाही. तसं झालं तर जोर लावू नका. चांदणी बोटाने वर धरून पुंगळी अलगद काढा. आणि पडद्यावरच्या हिरोसारखं मनगटाच्या हिसक्याने उघडणं-मिटणं तर कधीच नको. त्याने बिजागरीची पिन आणि वरची कळ सैल होते. मग नळी आणि सिलिंडर एका रेषेत राहत नाहीत.

सहा घरं डोळ्यांनी बघायची, मग करंगळीने चाचपायची. काडतुसं या टेबलावर ठेवायची नाहीत. ती दुसऱ्या खोलीत. पिस्तूल असेल तर आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागे ओढून नळीतलं घर बघायचं. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नसतं. उलट क्रमाने केलंत तर स्लाइड पुढे जाताना नवीन काडतूस घरात ढकलते.

(दृश्य: साहित्य एकेक करून चादरीवर मांडलं जातं.)

साहित्य थोडकंच. .32 च्या मापाचा पितळी किंवा लेप दिलेला रॉड. त्याच मापाचा फॉस्फर ब्राँझचा ब्रश. चिंधी अडकवायचं टोक. नायलॉनचा जुना दातघासणीचा ब्रश. बोअर सॉल्व्हंट, बंदुकीचं तेल. आणि चिंध्या. फौजेत चिंधीचं कापड फ्लॅनेलेट असतं. घरी जुनं, धुऊन मऊ झालेलं सुती धोतर किंवा बनियन चालतं. एवढ्या छोट्या नळीला साधारण इंच-सव्वा इंचाचा चौकोन पुरतो. रॉड हाताच्या मध्यम जोराने जाईल इतपतच चिंधी जाड हवी. ठोकून घालावी लागली तर ती आत अडकणार. सोलापुरी टॉवेल मात्र इथे वापरू नका. अंग पुसायला त्याच्यासारखा टॉवेल नाही, पण त्याचे फासे चांदणीच्या दातांत अडकतात आणि धागे आत राहतात.

खिडकी उघडी, पंखा मंद, देवघरातलं निरांजन आणि उदबत्ती विझलेली. सॉल्व्हंट पेट घेतं.

आधी कोरडी सफाई. अक्षतेचा दाणा लाकडी काडीने काढायचा. टाचणी किंवा सुई नको, तिने मुलाम्यावर ओरखडा उठतो आणि गंज तिथूनच शिरतो. हळद-कुंकू कोरड्या ब्रशने झाडायचं, मग किंचित सॉल्व्हंट लावलेल्या चिंधीने पुसायचं. ओल्या फडक्याने पुसलंत तर रंग पाण्याबरोबर फटीत उतरतो. आपलं बोअरवेलचं पाणी क्षाराचं, ते वेगळंच.

(दृश्य: नळीतून बाहेर येणारी पहिली काळी चिंधी.)

आता नळी. सॉल्व्हंट बाटलीत ब्रश बुडवून घ्यायचं नाही, त्याने सगळी बाटली घाण होते. झाकणात थोडं ओतून घ्यायचं. भिजवलेली एक चिंधी आरपार काढायची आणि दहा मिनिटं थांबायचं. हे थांबणं बहुतेक जण टाळतात आणि मग ताकद लावत बसतात. काजळी सॉल्व्हंटने सुटते, ताकदीने सुटत नाही. त्यानंतर ब्राँझचा ब्रश आठ-दहा वेळा आरपार. दर खेपेला तो पूर्ण बाहेर आला पाहिजे. नळीच्या आतच उलटा फिरवलात तर त्याच्या तारा मोडतात. रॉड तोंडाकडून घालावा लागत असेल तर तो बोटांच्या चिमटीत मधोमध धरा. नळीच्या तोंडाची कड घासली गेली की नेम बिघडतो, आणि ती कड घरी दुरुस्त होत नाही.

मग कोरड्या चिंध्या. पहिली काळी, दुसरी राखाडी, चौथी-पाचवी जवळजवळ पांढरी. चिंधीवर तांबूस डाग आला तर तो गंज. हिरवट-निळा डाग दिसला तर तांबं सुटतंय, किंवा सॉल्व्हंटने तुमचा पितळी रॉडच थोडा खाल्लाय. कोरड्या चिंधीने पुन्हा बघा. शेवटी मागून उजेड टाकून नळीत बघायचं. आटे, म्हणजे नळीच्या आतले पिळाचे चर, स्वच्छ, सलग, चकचकीत दिसले पाहिजेत. नळी जिथं सिलिंडरला भिडते त्या तोंडाशी राखी रंगाचा खरखरीत थर दिसला तर ते शिसं. .32 ची गोळी पुष्कळदा उघड्या शिशाची असते आणि ती नळीत शिरताना पहिला मार तिथंच बसतो. हा थर ब्रशने आणि दोन-तीन वेळा सॉल्व्हंटने उतरवा. पॉलिश पेपर चुकूनही नको.

सहा घरांना हीच सफाई. सिलिंडरच्या पुढच्या तोंडावर घरांभोवती काळी वर्तुळं पडतात. नव्या मालकाला ती बघवत नाहीत आणि तो घासत सुटतो. ती राहू द्या. त्यांनी काही अडत नाही, आणि घासून मुलामा मात्र जातो.

(दृश्य: मेजरच्या अंगठ्यावर धरलेली चांदणी, अगदी जवळून.)

इथं थांबा. या सगळ्या सफाईतली सर्वांत महत्त्वाची जागा हीच: चांदणीच्या खाली. न जळालेल्या दारूचा एखादा कण, बनियनचा धागा, आपल्या काळ्या रानातली धूळ. मोहरीच्या टरफलाएवढी घाण इथं पुरते. चांदणी तेवढीच वर राहते, काडतुसांची बुडं मागच्या पोलादाला टेकतात आणि सिलिंडर जड फिरतो किंवा फिरतच नाही. मालक म्हणतो, मशीन जाम झालं. मशीन ठीक असतं. चांदणी वर धरून दातघासणीच्या कोरड्या ब्रशने तिची खालची बाजू आणि तिची बैठक दोन्ही झाडा. इथं तेल नाही. तेल लावलं की पुढची धूळ तिथंच चिकटते.

तेल किती? बिजागरीला एक थेंब. घोड्याच्या बाजूला एक. कळीला एक. सिलिंडर ज्यावर फिरतो तिथं एक. थेंब काडीच्या टोकाने सोडायचा, मग घोडा दोन-चार वेळा अंगठ्याने ओढून हळूच खाली घ्यायचा. बाहेरून तेलाचा नुसता हात. नळीत किंचित, आणि घरं कोरडी. घरांत राहिलेलं तेल काडतुसाच्या बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीत झिरपतं आणि वेळेला गोळी उडत नाही. जास्त तेल आणि सोलापूरचा मे महिना एकत्र आले की धूळ तेलात मिसळून घासणीचा मसाला तयार होतो. तो जोड झिजवतो.

आणि तेल म्हणजे बंदुकीचंच तेल. घरोघरी करडईचं तेल असतं. ते हवेत सुकून पापुद्रा धरतं, त्यामुळेच रंगात वापरतात. घोड्याच्या सांध्यात तसा पापुद्रा धरला की स्प्रिंगचा मार कमी पडतो. शेंगतेल चिकटतं. खोबरेल थंडीत थिजतं; डिसेंबरच्या पहाटे आपल्याकडे ते बाटलीत थिजलेलं दिसतंच. शिलाई मशीनचं तेल अडीअडचणीला चालतं, फक्त ते पातळ असल्याने लवकर उतरतं, तेव्हा महिनाभरात पुन्हा बघावं. गंज सोडवायचा फवारा ओल काढायला चांगला, वंगण म्हणून नाही.

आतली यंत्रणा उघडू नका. बाजूची पट्टी, मुख्य स्प्रिंग, त्यातले स्क्रू हे परवानाधारक गनस्मिथचं काम. मुठीचा स्क्रू मात्र वर्षातून एकदा, खाचेत घट्ट बसणाऱ्या पेचकसाने काढा. उन्हाळ्यात कमरेचा घाम लाकडाखाली उतरतो आणि मुठीखाली, नजरेआड, तांबेरा धरतो. रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा चापही उगाच ओढत बसू नका. या घडणीत काडतुसावर आपटणारी पिन घोड्यालाच असते, ती रिकामी आपटत राहणं बरं नाही. सराव करायचाच तर डमी काडतुसं घाला.

(दृश्य: कातडी होल्स्टर उघडतात. काडतुसांच्या पट्ट्यावर हिरवा थर.)

हा कळंक. कमावलेल्या कातड्यात क्षार आणि आम्ल राहतं, ते पितळेला आणि पोलादाला दोन्हींना खातं. होल्स्टर बाळगण्यासाठी आहे, साठवण्यासाठी नाही. घरी आलात की रिव्हॉल्व्हर त्यातून काढा, तेलाचा हात लावलेल्या सुती फडक्याने घाम पुसा आणि कोरड्या सुती कापडात गुंडाळून लोखंडी पेटीत ठेवा. पेटीत सिलिका जेलची पुडी असू द्या. निळे दाणे गुलाबी झाले की बदला. प्लॅस्टिकची पिशवी नको, ती ओल कोंडते. आपल्याकडे पाऊस कमी, पण त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात येतो, म्हणजे खंडेनवमीच्या तोंडावरच. त्या महिन्यात दर पंधरवड्याला पेटी उघडा. एरवी तीन महिन्यांनी एकदा. गोळी उडवली असेल तर त्याच दिवशी.

काडतुसं कोरड्या कापडाने पुसून, वेगळ्या कुलपात. कळंक चढलेलं, दबलेलं, गोळी हलणारं काडतूस बाजूला काढून विक्रेत्याकडे न्या. सफाई झाल्यावर हात साबणाने धुवा, मगच भाकरीला बसा. बोटांवर शिसं असतं.

निष्काळजीपणाने कुणी जखमी झालं तर गुन्हा दाखल होतो आणि परवानाही जाऊ शकतो.

(दृश्य: पोलीस ठाणे, नोंदवही, चिठ्ठी बांधलेली शस्त्रं.)

निवडणूक लागली की अनेक परवानाधारकांना शस्त्र जमा करण्याचा आदेश येतो. शहरात परवाना पोलीस आयुक्तांचा, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांचा. जमा मात्र बहुधा जवळच्या ठाण्यात होतं आणि आठवडेच्या आठवडे तिथं राहतं. इतक्या शस्त्रांत तुमच्याच रिव्हॉल्व्हरला तेल लावायला कुणी बसणार नाही. म्हणून देण्याआधी पूर्ण सफाई करा, या वेळी नळीत आणि बाहेर तेलाचा हात नेहमीपेक्षा थोडा जास्त, होल्स्टरशिवाय, सुती कापडात. पावतीवर क्रमांक आणि बोअर वाचून बघा. परत आणलं की त्याच संध्याकाळी घरांतलं आणि नळीतलं जास्तीचं तेल कोरड्या चिंधीने काढा, चांदणीखाली ब्रश फिरवा, मूठ उघडून बघा, आणि मगच पेटीत ठेवा.