बाईंचा आवाज बसतो तेव्हा

(दृश्य: पत्र्याची वर्गखोली, सकाळची शाळा)

एप्रिलमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून शाळा सकाळची भरते. तरी दहा वाजेपर्यंत पत्रे तापतात. पंखे घरघरत असतात. पहिलीची पोरं मोठ्यानं पाढे म्हणतायत आणि त्याच खोलीत बाई तिसरीला भागाकार शिकवतायत. गलका वाढला की बाईंचा आवाजही आपोआप चढतो.

शिक्षण हक्क कायद्यानं ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला २ शिक्षक दिले. पहिली ते पाचवी, वर्ग मात्र ५. वाड्या-वस्त्यांवरच्या शाळेत एका घशाला अडीच वर्ग ओढावे लागतात.

(दृश्य: दुर्बिणीतून दिसणारं स्वरयंत्र)

या दोन पांढुरक्या पट्ट्या म्हणजे स्वरतंतू. बोलताना बाईंचे स्वरतंतू सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांवर आपटतात, गुरुजींचे सव्वाशेच्या आसपास. ओरडून बोललं की मार वाढतो. महिनोन्‌महिने तेच चाललं की दोन्ही तंतूंवर समोरासमोर गाठी धरतात. मग तंतू नीट मिटत नाहीत, मधून हवा निसटते, आवाज घोगरा होतो. हा कॅन्सर नव्हे. कामानं झालेली इजा आहे, आणि ती बायकांमध्ये जास्त दिसते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. शाळेत धड स्वच्छतागृह नसलं की बाई दिवसभर पाणीच टाळतात. अंगात पाणी कमी पडलं की तंतू कोरडे होतात आणि लवकर दुखावतात.

ज्येष्ठमध, खडीसाखर यांनी घशाला बरं वाटतं; पण गिळलेलं अन्ननलिकेत जातं, स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. वाफ पोचते. सारखं खाकरणं वाईटच, आणि घसा बसल्यावर ताणून कुजबुजणंही.

आवाज दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीनं तपासून घ्यायचं. नव्या, मऊ गाठी बहुतेकदा शस्त्रक्रियेशिवाय, आवाजाच्या व्यायामानं आणि बोलण्याची सवय बदलून जिरतात. पण धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातून तपासणीला खाली उतरायचं म्हणजे दिवस मोडतो, आणि मागे वर्ग सांभाळायला कोण?

कमरेला अडकवायचा छोटा स्पीकर आणि कानाजवळचा माइक, एवढ्यानंही घशाचा ताण बराच उतरतो. खडू-फळ्यासारखाच तो शाळेच्या खर्चातून यावा, बाईंच्या पगारातून नाही.