सहीआधीचा वेळ

पत्रिकेवर विषय छापलाय ‘माजी राष्ट्रपतींचं मूल्यमापन’. मघाशी चहा घेताना तिघाचौघांना विचारलं, सगळ्यांत मोठा राष्ट्रपती कोण? उत्तर एकच आलं : कलाम. का, तर साधे होते, मुलांत रमायचे, शास्त्रज्ञ होते. सगळं खरं. पण यातलं राष्ट्रपतीपदाचं काम कुठलं? माणूस आवडला की त्याची कारकीर्दही चांगली, असा आपला हिशेब असतो.

मग जोखायचं कशावर? राष्ट्रपती धोरण ठरवत नाही. मंत्रिमंडळाचा सल्ला त्याच्यावर बंधनकारक आहे, हे १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने स्पष्ट शब्दांत लिहून टाकलं. १९७८च्या ४४व्या दुरुस्तीने एक फट ठेवली. सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो. तोच पुन्हा आला तर मात्र सही करायची. विधेयकांच्या बाबतीत सहीला ठराविक दिवसांची मुदत नाही. म्हणूनच १९८६ साली संसदेने मंजूर केलेलं टपाल विधेयक ग्यानी झैलसिंग नुसतं ठेवून घेऊ शकले. ना सही, ना नकार. सांगायचं हे, की राष्ट्रपतीच्या हाती खरी वस्तू एकच आहे, वेळ. फाइल समोर आली तेव्हा त्या वेळेचं काय केलंत, एवढंच मी प्रत्येक माजी राष्ट्रपतीला विचारतो.

फखरुद्दीन अली अहमद यांचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे. २५ जून १९७५च्या रात्री आणीबाणीचा कागद आला, सही झाली. मंत्रिमंडळाला कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी. पुढे अबू अब्राहम यांनी व्यंगचित्र काढलं : राष्ट्रपती बाथटबमध्ये बसल्या बसल्या सही केलेला वटहुकूम दाराबाहेर देताहेत. त्या कारकिर्दीवर वेगळा ग्रंथ लिहायची गरज मला तरी वाटत नाही.

आता के. आर. नारायणन. ऑक्टोबर १९९७. उत्तर प्रदेशच्या विधानसभेत माइक उपटून एकमेकांना मारले गेले, आणि त्याच सभागृहात कल्याणसिंग यांनी बहुमत सिद्ध केलं. तरी राज्यपाल रोमेश भंडारी यांनी राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली आणि गुजराल मंत्रिमंडळाने ती पुढे पाठवली. नारायणन यांनी ती परत केली. बोम्मई खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा १९९४चा निकाल सांगत होता की बहुमत सभागृहातच मोजायचं. इथे तर ते मोजून झालं होतं. लक्षात घ्या, ज्या पक्षांनी तीन महिन्यांपूर्वी त्यांना राष्ट्रपती केलं, त्यांच्याच सरकारचा हा कागद होता. सरकारने विषय सोडून दिला. पुढच्या वर्षी वाजपेयी सरकारने बिहारसाठी तीच मागणी केली, तीही परत गेली. दोन्ही बाजूंना सारखंच माप. फेब्रुवारी १९९९मध्ये, बिहारमधल्या दलित हत्याकांडांनंतर, सल्ला दुसऱ्यांदा आला तेव्हा मात्र त्यांनी सही केली. घटनेने तेवढंच शिल्लक ठेवलं होतं.

याच्याशेजारी मे २००५ ठेवून बघा. राज्य तेच, बिहार. नवी विधानसभा अजून एकदाही बसलेली नव्हती. मंत्रिमंडळाने रात्री उशिरा ती बरखास्त करायचं ठरवलं. कलाम मॉस्कोत होते. कागद फॅक्सने गेला आणि फॅक्सनेच सही होऊन आला. सर्वोच्च न्यायालयाने नंतर ती बरखास्ती घटनाबाह्य ठरवली. कलामांना हे लागलं. राजीनाम्याचं पत्र लिहून ठेवलं होतं, असं पुढे त्यांनीच सांगितलं. माणूस म्हणून ही खंत मोठीच. पण त्या रात्री ‘परत आल्यावर बघतो’ म्हणायला काय हरकत होती? आणि हे शिकलेही ते. पुढच्याच वर्षी लाभाच्या पदांचं विधेयक, म्हणजे काही सरकारी पदं घेऊनही खासदारकी शाबूत ठेवणारं, त्यांनी संसदेकडे परत पाठवलं.

इथवर ऐकून वाटेल, वेळ घेणं म्हणजे चांगलंच. थांबा. फाशीची शिक्षा झालेल्यांचे दयेचे अर्ज आठवा. नारायणन यांच्या काळात ते जवळपास तसेच पडून राहिले. कलामांनी पाच वर्षांत दोनच निकाली काढले. इथे कोठडीतला माणूस रोज सकाळी पावलांचा आवाज ऐकत बसलेला असतो. शिफारस रोखणारा तोच हात या फाइलीवर नुसता ठेवलेला असतो.

ही थकबाकी आली आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील यांच्याकडे. त्यांचं नाव काढलं की लोक काय सांगतात? पहिल्या महिला राष्ट्रपती, पुण्यात लोहगावहून सुखोईतून उडाल्या, परदेश दौरे आणि निवृत्तीनंतरच्या घरासाठीची खडकीची ती लष्करी जमीन. जमिनीवरची टीका रास्त होती, आणि ती त्यांना सोडावी लागली. पण पाच वर्षांत त्यांनी तीसहून अधिक जणांची फाशी जन्मठेपेत बदलली, काहींचे अर्ज फेटाळलेही. त्यातले काही गुन्हे इतके भयंकर होते की त्यांच्यावर टीकेची झोड उठली. तुम्हाला ते निर्णय पटणार नाहीत, मलाही सगळे पटत नाहीत. पण त्यांनी फाइल उघडली. जानेवारी २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंधरा जणांची फाशी रद्द केली, ती प्रामुख्याने दयेच्या अर्जांवर लागलेल्या अवाजवी वेळामुळे.

प्रतिभाताईंनी जून २०१२मध्ये ज्यांची फाशी रद्द केली, त्यांत बेळगावच्या तुरुंगातला एक कैदी होता. राष्ट्रपतींची सही झाली, आदेश निघाला. तो माणूस २००७ सालीच वारला होता.