घड्याळ हौद्याबाहेर

(पहाट. तालमीचा हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा. दोन पोरं खोऱ्यानं माती उकरतायत.)

अजून उजाडलेलं नाही. कोल्हापुरातल्या या तालमीत दिवस सुरू होतो तो खोऱ्याच्या आवाजानं. रात्रभर दबून बसलेली माती आधी खालवर करायची. दबलेल्या मातीवर आपटलं की हाड दुखावतं. आणि उकरणं हीसुद्धा मेहनतच आहे. खांदे, कंबर, मनगट, सगळं यातच जागं होतं. म्हणून वस्ताद हे काम नव्या पोरांना देतात. जोर-बैठका नंतर, आधी माती.

(जवळून: चाळणी, ताकाची कळशी, हळद.)

आज नवी माती भरायची आहे, म्हणून हे सगळं नीट बघून घ्या. तांबडी माती आणायची, वाळवायची, बारीक चाळणीनं चाळायची. एक खडा राहता कामा नये. मग त्यात ताक, तेल, लिंबाचा रस, हळद, कापूर आणि काव, म्हणजे गेरू. तेल आणि ताकानं माती मऊ राहते, अंग सोलवटत नाही. हळद जखमेसाठी. कापरानं वास धरतो. कावेनं हा रंग येतो, जो आपण प्रत्येक पैलवानाच्या पाठीवर बघतो. प्रमाण कुठंही लिहिलेलं नाही. वस्ताद मूठभर माती उचलून दाबतात, मूठ उघडतात, बघतात आणि मान हलवतात. अजून ताक हवंय.

हे काम बराच वेळ चालतं, आणि आम्ही ते मुद्दाम बरंच दाखवतोय. कारण तालमी बंद पडतात तेव्हा आधी ही माती वाळते.

(हनुमानाची तसबीर, उदबत्ती. जोर काढणाऱ्यांची रांग.)

जोर, बैठका, सपाट्या. मोजायचं काम ज्याचं त्यानं करायचं, मात्र चुकवलं तर वस्तादांना पाठमोरंही कळतं. मग लढती. मोठा पैलवान लहान पोराला खेळवतो, त्याला डाव करू देतो, आणि चुकला की त्याच डावात अडकवून ठेवतो. इथं शिकवणं असं चालतं. तोंडानं फार कमी बोलतात.

(कुंडी आणि सोटा. थंडाई घोटणारे हात.)

आणि हा खुराक. बदाम, खसखस, बडीशेप, काळी मिरी, वरून दूध. घोटणाऱ्याचे दंड बघा.

(खासबाग मैदान, वरून. रिकामं.)

हे खासबाग. मातीच्या उतारावर गोल बसायचं, मध्ये हौदा, आणि कुठल्याही कोपऱ्यातून कुस्ती सारखीच दिसते. 1902 साली राजर्षी शाहू महाराज युरोपात गेले, रोममधलं प्राचीन क्रीडागार त्यांनी पाहिलं, आणि त्यावरून हे मैदान सुचलं, असं कोल्हापुरात सांगतात. 1912 साली ते उभं राहिलं. महाराजांनी नुसतं मैदान बांधलं नाही. पेठापेठांतल्या तालमींना आश्रय दिला, पंजाबातले नामांकित मल्ल बोलावले, त्यांचा खुराक दरबारातून चालवला. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या तालमींची नावं नंतर सगळ्या देशानं ऐकली ती या पायावर.

माझ्या मते महाराजांनी सगळ्यात मोठी गोष्ट केली ती बघणाऱ्यांसाठी. या मैदानात पैलवान आणि माणसं यांच्यामध्ये काही नाही. ना खांब, ना पडदा. हजारो माणसांनी एका वेळी कुस्ती वाचायला इथं शिकून घेतलं.

(जुनी छायाचित्रं, एकामागून एक.)

श्रीपती खंचनाळे. 1959 साली दिल्लीत पंजाबच्या बंतासिंगवर मात करून पहिले हिंदकेसरी, देशपातळीवरच्या कुस्ती किताबाचे पहिले मानकरी. गणपतराव आंदळकर, 1960 चे हिंदकेसरी. मारुती माने, कवठेपिरानचे. मान बघा, छाती बघा. ही शरीरं यंत्रांवर घडलेली नाहीत. आता आपण पाहिली तसल्याच मातीत, तसल्याच खुराकावर घडलेली आहेत.

माती आणि गादी, म्हणजे स्पर्धेतली मॅट, यांची भांडणं लावणाऱ्यांनी 1962 ची जकार्ता आशियाई स्पर्धा आठवावी. आंदळकर आणि माने, दोघांनीही तिथं सुवर्ण आणलं, गादीवर. त्याआधी दहा वर्षं, हेलसिंकीला, खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान 1948 साली लंडनला गेला तेव्हा गादीची सवयसुद्धा नव्हती, तरी सहावा आला. 1952 साली 57 किलो गटात कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मातीत तयार झालेला माणूस गादीवर कमी पडतो असं म्हणणाऱ्यांनी हा फोटो घरात लावावा.

आणि हे हरिश्चंद्र बिराजदार. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे. दिल्लीचा सतपाल, गुरू हनुमान यांचा पठ्ठा, त्या काळी महाराष्ट्रातल्या पैलवानांना आवरत नव्हता. बेळगावच्या मैदानात बिराजदारांनी त्याला पाडलं. ही कुस्ती ज्यांनी पाहिली ते आजही ती उभ्यानं सांगतात, बसून सांगता येत नाही त्यांना.

(यात्रेचं मैदान. हलगी, घुमकं, कैताळ वाजतायत. दुपारचं ऊन.)

आता ही कुस्ती बघा. यात्रेचं मैदान आहे, दोन्ही पैलवान नावाजलेले नाहीत. आम्ही ती जवळजवळ अखंड ठेवली आहे.

सलामी झाली. खडाखडी सुरू. मानेवर हात, कपाळाला कपाळ. नव्या माणसाला वाटतं, काहीच चाललेलं नाही. नीट बघा. लाल लंगोटवाला समोरच्याच्या मानेवर पंजा टाकून त्याला पुढं ओढतोय आणि लगेच सोडतोय. तो पाय कुठला पुढं टाकतो ते तपासतोय. निळ्या लंगोटवाल्याला हे कळलंय, म्हणून तो उजवा पाय आत घेऊन उभा आहे. आता खाली वाकून माती उचलली, स्वतःच्या हाताला चोळली, समोरच्याच्या दंडावरही टाकली. घामावर पकड सुटते, मातीनं ती बसते.

एकेरी पट, म्हणजे एका पायाची पकड. लाल आत घुसला. निळ्यानं पाय मागं फेकले, सगळा भार त्याच्या पाठीवर टाकला, आणि फिरून मागं गेला. कब्जा, म्हणजे मागून ताबा.

आता खरी कुस्ती. लाल खाली आहे, मातीला चिकटून. निळा घिस्सा मारायला बघतोय, लंगोटाला हात घालून त्याला उलटा करायचाय. लाल कोपर सोडत नाही. पुन्हा प्रयत्न. पुन्हा नाही. हलगीवाल्यानं लय बदलली, ऐकलंत? त्यालाही कळतं कुस्ती कुठं आलीये. घुटना, म्हणजे गुडघा, मानेवर आला. लालचा चेहरा मातीत. त्यानं एकदम कंबर उचलली, निळ्याचा हात काखेत धरला.

(आवाज नाही. फक्त हलगी. पैलवान उलटतो. मैदान उठतं.)

गादीवर हे घडलंच नसतं. तिथं तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. पैलवान खाली जाऊन मातीला बिलगावा तसा बिलगला की पंच थोडा वेळ देतो आणि दोघांना उभं करतो. ताबा मिळवला की दोन गुण, रिंगणाबाहेर ढकललं की एक. नियम म्हणून ते योग्य आहेत. जगभरच्या स्पर्धेला वेळेची चौकट लागते, आणि त्या चौकटीमुळं आजची पोरं पायानं किती चपळ झालीत ते मला मान्य आहे. एकेरी पटाचा आजचा वेग जुन्या पिढीकडं नव्हता.

पण आपण आत्ता पाहिलं ते खाली दबलेल्या माणसाचं परत येणं होतं. त्याला वेळ लागतो. मातीत तो वेळ पैलवानाच्या मालकीचा असतो. दोघांपैकी एकाची पाठ लागेपर्यंत लढत संपत नाही, आणि कोण जिंकला हे पंचाला सांगावं लागत नाही.

(गादी. रोषणाई. महाराष्ट्र केसरीची गदा.)

1961 पासून महाराष्ट्र केसरी ही राज्याची किताबी स्पर्धा आहे. माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता शेवटी समोरासमोर येतात, आणि गदा एकाच्या खांद्यावर जाते. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये फुलगावला सिकंदर शेखनं शिवराज राक्षेला झोळी मारली, अर्ध्या मिनिटाच्या आत. मान आणि पाय एकत्र आवळले, पाठ लावली. कोणाला गुण मोजावे लागले नाहीत, कोणी भांडलं नाही. अलीकडच्या केसरीतलं मला सगळ्यात आवडलेलं दृश्य हेच. 2025 ला अहिल्यानगरमध्ये पंचांच्या निर्णयावरून वाद झाला, दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली, ते सगळ्यांना माहीत आहे.

(मुलींची तालीम. सराव.)

आणि या पोरी. 2023 साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, तुंगच्या प्रतीक्षा बागडीनं गदा जिंकली. आता गावोगावच्या तालमींत पोरी माती उकरताना दिसतात. ढाक, म्हणजे कंबरेवरून फेकायचा डाव, मारताना या मुलीची कंबर कशी फिरते बघा. जुने वस्ताद हे बघून खूश होतील.

(वाकडे कान. गुडघ्याला पट्टी.)

कुस्ती सुटल्यावर कोणी पोलीस भरती करतो, कोणी शेती, कोणी काहीच नाही. गुडघे आणि खांदे मात्र आयुष्यभर बोलत राहतात.

(मैदान. फेटे बांधले जातायत. हौद्याच्या कडेला पाहुण्यांची रांग.)

आता मला जे सांगायचंय ते. हे त्याच मैदानातलं, दीड तासानं. हौद्यात कुस्ती चालू आहे, आणि कडेला सत्कार. फेटा, शाल, नारळ, नाव पुकारायचं, फोटो. पुन्हा पुढचं नाव. हलगी थांबवलेली आहे, कारण भाषण ऐकू यायला हवं. दोन पोरं मध्ये लढतायत आणि त्यांच्याकडं कोणी बघत नाही. वर्षभर ज्या मैदानाची वाट बघितली, ते त्यांचं मैदान हे.

मग सगळ्यात मोठी जोड. पोस्टरवर सगळ्यात वर छापलेली, लाखाच्या इनामाची. ती लागते तेव्हा अंधार पडलेला असतो. पंधरा मिनिटं खडाखडी होते न होते, तोच ध्वनिक्षेपकावरून घोषणा: कुस्ती आता गुणांवर. पहिला ताबा घेईल तो विजयी. नाहीतर थेट बरोबरी, दोघांचे हात वर. माणसं उठून गाड्यांकडं चाललीत, बघा. कुस्तीला गर्दी होत नाही असं म्हणणाऱ्यांनी ही गर्दी कधी आणि कशामुळं उठली ते बघावं.

पैलवानांचा यात दोष नाही. दोघंही निकालासाठी तयार होऊन आलेत. गेल्या महिन्यात कुठं लढले, पुढच्या आठवड्यात कुठं लढायचंय, याचा हिशोब त्यांच्या डोक्यात असतो, आणि दुखापत टाळणं हे त्यांचं पोट आहे. पण संयोजकांनी निकालाला जागाच ठेवली नाही, तर त्यांनी जीव लावून का लढावं?

(कापडी फलक. पुढच्या मैदानाची तारीख.)

पुढचं मैदान भरवणाऱ्या प्रत्येक यात्रा कमिटीला माझं सांगणं आहे. इनाम थोडं कमी ठेवा. जोडी कमी लावा. सत्कार सकाळी देवळात उरका. मोठी कुस्ती ऊन असताना लावा, उजेड जाईपर्यंत चालू द्या, आणि फलकावर जोडीच्या नावांखाली ठळक अक्षरांत छापा: निकाली.