पांढऱ्या कोटाआधीचे १७५ तास

(दृश्य: शवविच्छेदनगृह. पांढऱ्या चादरीखाली एक देह.)

फॉर्मालिनच्या वासाने डोळे चुरचुरतात. तरी कुणी हलत नाही. देहदान केलेली ही व्यक्ती विद्यार्थ्यांची पहिली गुरू. तिचा मान राखू, फोटो काढणार नाही, अशी शपथ घेऊनच चादर बाजूला होते. काही महिन्यांपूर्वी हीच मुलं नीटच्या उत्तरपत्रिकेवर १८० प्रश्नांचे गोल काळे करत होती.

२०१९ साली एमबीबीएसचा नवा क्षमताधिष्ठित, म्हणजे विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता येतं यावर भर देणारा, अभ्यासक्रम आला, त्यासोबत नव्या विद्यार्थ्यांना पुढच्या शिक्षणासाठी तयार करणारा सुरुवातीचा फाउंडेशन कोर्सही. मूळ आखणी महिनाभराची, १७५ तासांची. ओळखीला ३० तास, कौशल्यांना ३५, नीती आणि व्यावसायिक वागणुकीला ४०, खेळ व इतर उपक्रमांना २२, भाषा आणि संगणकाला ४०, वस्तीतल्या आरोग्यकेंद्राच्या भेटीला ८. पुढे सुरुवातीचा सलग भाग आटोपशीर झाला.

(दृश्य: कौशल्य प्रयोगशाळा. जमिनीवर मॅनिकिन, म्हणजे सरावासाठीचा माणसाएवढा पुतळा.)

सीपीआरमध्ये, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून आणि श्वास देऊन केलेल्या तातडीच्या मदतीत, मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, ३० दाबांमागे २ श्वास. नवशिक्यांचे कोपर वाकतात, मग जोर खांद्यातून न येता मनगटावर येतो. दुसरी चूक नजरेला पटकन दिसत नाही: दाबल्यावर छाती पूर्ण वर येऊ दिली जात नाही, त्यामुळे हृदयात पुरेसं रक्त भरत नाही. दीडशे मुलांच्या वर्गात स्लाइड दाखवून हे शिकवता येत नाही. प्रत्येकाचे हात मॅनिकिनवर पडायलाच हवेत.

मग दवाखान्यातल्या कचऱ्याचं वर्गीकरण. सुई पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात. रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत. सलाईनची नळी लाल पिशवीत. हेपॅटायटिस बीची लस मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू व्हावी, कारण तिसरा डोस सहा महिन्यांनी असतो.

(दृश्य: भाषेचा वर्ग.)

आमच्या मते या कोर्समधला सगळ्यात मोलाचा भाग हा, आणि वेळापत्रकात सगळ्यात आधी कात्री लागते तीही यालाच. अखिल भारतीय कोट्यातून महाराष्ट्रात आलेल्या मुलाला 'दुखतंय' समजतं. पण पेशंट तेवढ्यावर थांबत नाही. पोटात कळ येते, गळू ठणकतं, पाठीत चमक निघते, छातीत जळजळतं, पायाला मुंग्या येतात. कळ येते आणि जाते, ठणका नाडीच्या ठोक्यासारखा लागतो. निदानाची अर्धी वाट या क्रियापदांतच असते. 'अंगावरून पांढरं जातं' हे एखादी बाई खालच्या आवाजात, एकदाच सांगते. ते कळलं नाही, तर पुढचा प्रश्न विचारलाच जात नाही.

म्हणून शब्दांची यादी पाठ करून घेण्यापेक्षा जोड्या लावाव्यात. एकाने पेशंट व्हायचं, दुसऱ्याने विचारायचं: "काकू, कधीपासून होतंय? दम लागतो का? जेवण जातं का?" मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इथे आपसूक मान मिळतो. इंग्रजी पाठ्यपुस्तकासमोर अडखळणारी हीच मुलं या तासाला शिकवणारी होतात.

(दृश्य: प्रवेशाची खिडकी.)

शेवटच्या फेऱ्यांतून प्रवेश घेणारे यायच्या आत बरंच शिकवून झालेलं असतं. त्यांच्यासाठी हात धुणं, कचऱ्याचं वर्गीकरण, सीपीआर आणि पेशंटशी बोलणं एवढं तरी पुन्हा घ्यावं, तेही वॉर्डात पाऊल पडण्याआधी.