एका रांगेसाठी अख्खी रॅम

तर विषय आहे रॅमची वीज आणि रॅमची दुरुस्ती. लोक हे दोन वेगळे विषय धरतात, माझं म्हणणं असं की हा एकच विषय आहे आणि आज मला तेवढंच पटवायचंय. पण आधी एक तक्रार, ती खूप वर्षं मनात साचलीय.

मी पूर्वी जिथं काम करायचे तिथं हिशोबाचं एक मशीन होतं. संध्याकाळी फाइल नीट सेव्ह व्हायची आणि सकाळी उघडली की मधलाच एखादा आकडा बदललेला! आधी ऑपरेटरवर संशय, मग डिस्क बदलली, मग सॉफ्टवेअर नव्यानं टाकलं, व्हायरस शोधून झाला, शेवटी कुणीतरी रात्रभर मेमरी टेस्ट लावून ठेवली तेव्हा कळलं की दर वेळी त्याच अ‍ॅड्रेसला तोच एक बिट चुकतोय. एक बिट. (तुमच्यातले बरेच जण मान हलवताहेत, म्हणजे हे दुखणं तुमच्याही ओळखीचं दिसतंय.) मशीन विकणाऱ्यांनी अख्खी स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, काढली, नवी घातली, झालं. आधी बिघडलेल्या फाइलींबद्दल चकार शब्द नाही. राग येतो तो याचा, की त्या मशीनला स्वतःची चूक ओळखायची सोयच दिलेली नव्हती. गणितज्ञ रिचर्ड हॅमिंगनं 1950 मध्ये चुका दुरुस्त करणारे कोड मांडले, सर्व्हरमध्ये 64 बिटांमागे 8 जादा बिट ठेवून एका बिटाची चूक जागच्या जागी दुरुस्त होते, आणि साध्या मशीनमध्ये हे बहुतेक वेळा नसतंच. का? तिथला डेटा कमी मोलाचा असतो का?

आणि हे क्वचित घडतं असं समजू नका. 2009 मध्ये गूगलच्या सर्व्हरांचा एक मोठा अभ्यास आला, त्यात वर्षभरात साधारण एक तृतीयांश मशीनमध्ये निदान एक तरी दुरुस्त करता येणारी चूक सापडली. आणि जी स्टिक एकदा चुकली ती पुन्हा चुकायची शक्यता कितीतरी जास्त. म्हणजे पहिली चूक हा इशारा असतो, तो कुणाला तरी ऐकू जायला हवा ना.

बरं, आयोजक घड्याळ दाखवताहेत, मुद्द्यावर येते.

आपल्या मशीनमधली रॅम असते डीरॅम प्रकारची. तिचा सेल, म्हणजे एक बिट साठवायची जागा, म्हणजे स्विचसारखा एक ट्रान्झिस्टर आणि चार्ज साठवणारा एक कपॅसिटर, 1960च्या दशकात आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्डनं शोधलेली रचना. कपॅसिटरमधला चार्ज गळतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा भरायचा, त्याला रिफ्रेश म्हणतात. डीडीआर4 या रॅमच्या पिढीत सेलची प्रत्येक रांग 64 मिलिसेकंदांत एकदा, चिप 85 अंशांच्या वर तापली की 32 मध्ये. आता गंमत बघा, बहुतेक सेल याच्या कितीतरी पट जास्त वेळ टिकतात. हे 64 मिलिसेकंद ठरतात मोजक्या कमजोर सेलमुळं. घरात एकाला ताप म्हणून सगळ्यांना औषध! मशीन झोपलं की मेमरी सेल्फ रिफ्रेशमध्ये जाते, आणि तेव्हाची बरीचशी वीज यातच जाते. व्होल्टेज आपण पिढ्यांगणिक 2.5 वरून 1.8, 1.5, 1.2 आणि पुढच्या डीडीआर5 मध्ये 1.1 वर आणलं, व्होल्टेज सांभाळणारी चिपसुद्धा स्टिकवरच बसवली, तरी हे औषध चालूच.

दुरुस्तीचं असं की चिपमध्ये राखीव रांगा असतात. डीडीआर4 पासून पोस्ट पॅकेज रिपेअर आलं, म्हणजे मशीनमध्ये बसलेल्या स्टिकमधली खराब रांग राखीव रांगेकडं वळवता येते, हार्ड प्रकारात आतला फ्यूज जाळून कायमची, सॉफ्ट प्रकारात पॉवर जाईपर्यंतच. माझ्या त्या हिशोबाच्या मशीनला एक रांग पुरली असती.

आता दोन्ही जोडा. कमजोर रांगा हुडकून वळवल्या, किंवा फक्त त्यांनाच वारंवार रिफ्रेश दिला, तर बाकीच्यांचा रिफ्रेश सैल करता येतो आणि वीज वाचते. दुसऱ्या पर्यायावर बऱ्याच वर्षांपासून संशोधन आहे. अडचण खरी आहे, काही सेलचा टिकाऊपणा मधेच बदलतो, आज चांगला वाटलेला उद्या गळका, त्यामुळं कारखान्यातली एकदाची टेस्ट पुरत नाही, चालू मशीनमध्येच सतत तपासत राहावं लागतं. डीडीआर5 मध्ये त्याची अर्धी तयारी झालीय, चिप स्वतःच्या चुका आतल्या आत दुरुस्त करते, सगळी मेमरी साधारण 24 तासांत एकदा तपासायची सोय आहे, चुका मोजणारा काउंटरही आहे. पण तो काउंटर साध्या मशीनच्या स्क्रीनवर तुम्ही कधी पाहिलाय? डिस्कची तब्येत दिसते, बॅटरीची दिसते, मग रॅममध्ये किती चुका झाल्या आणि राखीव रांगा किती उरल्या हेही दिसायला हवं, आणि पुढचं मशीन घेताना दुकानदाराला तुम्ही हे विचाराच.