खांबाशेजारचा माणूस

हा अजिंठ्याचा फोटो, मेजर रॉबर्ट गिल यांनी काढलेला. गिल मद्रासच्या लष्करातले, ईस्ट इंडिया कंपनीनं त्यांना 1844 ला इथल्या चित्रांच्या नकला करायला पाठवलं, कॅमेरा नंतर आला.

आता हे बघा, त्या काळची पद्धत आपण मुद्दाम करून बघितलीये. काचेवर कोलोडियन नावाचा चिकट द्रव ओतायचा, काच सगळीकडून कलती करत तो एकसारखा पसरवायचा, अंधाऱ्या तंबूत ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची म्हणजे तिच्यावर उजेडाचा ठसा उमटतो, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि फोटो निघाला की पळत परत तंबूत, कारण काच वाळली की संपलं, आणि आपल्याकडच्या उन्हात वाळायला कितीसा वेळ लागतो! वर प्रत्येक काच धुवायला पाणी. नदी खाली, लेणी वर. पाणी वाहणारे, पेट्या उचलणारे, तंबू धरणारे इथलेच लोक असणार, एकट्या साहेबाचं हे कामच नाही.

त्यात ही काच तांबडा-पिवळा रंग जवळजवळ काळाच दाखवते, आणि भिंतींवर तर सगळी गेरू आणि पिवळी माती, शिवाय आत अंधार. म्हणून फोटोत खांब आणि दर्शनी भागच छान आलेत.

हे हौसेचं काम नव्हतं. 1855 ला मुंबई सरकारनं तोफखान्यातल्या कॅप्टन थॉमस बिग्ज यांना विजापूर, बदामी, ऐहोळेच्या जुन्या इमारतींचे फोटो काढायला नेमलं होतं. मुलखात काय काय आहे त्याची सरकारी नोंद चाललेली, तिला आता फोटो जोडले गेले. अजिंठा तर निजामाच्या हद्दीत, तरी नोंद लंडनला.

आता खांबाशेजारी बघा. माणूस उभा आहे. त्या काळी असं कोणालातरी उभं करायचे, खांब किती उंच ते कळावं म्हणून. 1864 ला लंडनमध्ये पुस्तक निघालं, 74 फोटो, त्यावर गिल यांचं नाव, मजकूर लिहिणाऱ्या जेम्स फर्ग्युसन यांचं नाव. याचं नाही.

गिल यांच्या बहुतेक रंगीत नकला 1866 ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनाच्या इमारतीच्या आगीत गेल्या.

फोटो मात्र आहेत, ब्रिटिश लायब्ररीत. त्यांच्या मोठ्या प्रती फर्दापूरला, लेण्यांच्या पायथ्याशी कायमच्या लावा, एवढीच आमची मागणी आहे, कारण या माणसाला ओळखायचा पहिला हक्क इथल्या गावांचा आहे.